उजनी मायनसमध्ये गेली की

सोलापुरात उन्हाळ्याची बातमी एका शब्दात येते: मायनस. उजनीचं पाणी उपयुक्त साठ्याच्या खाली उतरलं की टक्केवारी उणे होते. आमच्याकडे नळ तसाही रोज येत नाही. मायनस ऐकलं की आई रिकामी पिंपं शोधू लागते. 2024 च्या उन्हाळ्यात धरण उणे साठच्या आसपास गेलं आणि माझ्या फोनवर पळसदेवच्या रील्स सुरू झाल्या.

पळसदेव पुणे-सोलापूर हायवेवर, इंदापूर तालुक्यात. भीमेवरचं उजनी धरण 1980 मध्ये पूर्ण झालं, जुनं गाव बुडालं, माणसं वर हायवेलगत आली. देवही आला, त्याला नवं देऊळ बांधलं. मागे राहिलं पळसनाथाचं जुनं दगडी मंदिर. एरवी शिखराचा शेंडा तेवढा दिसतो. पाणी हटलं की खांब आणि कोरीव काम उघडं पडतं. करमाळ्याकडे कुगावचा इनामदार वाडाही असाच वर येतो.

गंमत म्हणजे, उजनी भरली त्याच दशकात गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे एस. आर. राव आणि त्यांचे सहकारी द्वारकेच्या समुद्रात अवशेष शोधत होते. समुद्राने बुडवलेलं ते पुरातत्त्व. आपण बुडवलेलं? तेव्हा त्याला विकास म्हणायचे. आणि बुडण्याआधी हलवता येत नव्हतं असंही नाही. 1960 च्या दशकात इजिप्तमधलं अबू सिंबेल कापून उंचावर नेलं होतं, आपल्याकडे नागार्जुनकोंड्याचे अवशेषही वर आणले होते. पण पळसनाथ एका गावाचं देऊळ होतं. ‘वारसा’ हा शब्द त्याला बुडाल्यावर चिकटला.

तोही पुरता नाही. युनेस्कोच्या 2001 च्या करारानुसार पाण्याखालचा वारसा म्हणजे किमान 100 वर्षं, सतत किंवा अधूनमधून, पाण्यात असलेले मानवी अवशेष. मंदिराचं वय कितीही शतकांचं असो, मोजायची ती पाण्यातली वर्षं. भारत या करारात नाहीच, पण हिशेब केला तर पळसदेवची पाळी 2080 च्या सुमारास येते. तेव्हा मी ऐंशीची असेन आणि जुन्या गावात नांदलेलं कुणीच नसेल.

रीलमध्ये शिखर येतं, ड्रोन येतो. घरांची जोती कुणी दाखवत नाही. ती दाखवण्यासारखी नसतात. कुणाचा ओटा कुठे होता हे सांगणारं माणूस सोबत लागतं.

त्या पावसाळ्यात उजनी भरली. आईने पिंपं पालथी घातली, मलाही हायसं वाटलं. पळसनाथ पुन्हा शेंड्यापर्यंत पाण्यात गेला.