ऐंशी रुपयांचे कर्ज आणि एक वडीलधारा सल्ला

स्त्रियांना शिक्षण व हातकला देऊन स्वावलंबी करण्याची परंपरा मुंबई-पुण्यात जुनी आहे. पंडिता रमाबाईंचे शारदा सदन १८८९ मध्ये मुंबईत सुरू झाले. पुढे रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात सेवासदन उभे राहिले. परंतु स्त्रीने केवळ कष्ट न करता धंद्याची मालकीणही व्हावे, या विचाराने मुंबईत मूर्त रूप घेतले ते गिरगावातील एका गच्चीवर.

१५ मार्च १९५९ रोजी लोहाणा निवास या इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी पापड लाटावयास बसल्या. जसवंतीबेन जमनादास पोपट त्यांपैकीच एक. शिक्षण बेताचे, हाती होते ते केवळ स्वयंपाकघरातील कौशल्य. भांडवलासाठी त्यांनी छगनलाल करमसी पारेख या समाजसेवकांकडून ८० रुपये घेतले. ही रक्कम दान नव्हती, कर्ज होते. आणि या उद्योगाचा पाया त्या एका भेदावर रचला गेला.

‘छगनबापा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पारेख यांचे खरे देणे मात्र पैशाहून मोठे होते. आरंभी या भगिनी उत्तम व स्वस्त अशा दोन प्रतींचे पापड करीत. प्रत एकच आणि उत्तम असावी, दर्जात तडजोड नसावी, हिशेब चोख राहावा आणि हे काम धर्मादाय म्हणून नव्हे, तर धंदा म्हणून चालवावे, असा त्यांचा आग्रह होता. देणग्यांसाठी कोणापुढे हात पसरावयाचा नाही, हा निर्धार या भगिनींनी आरंभापासूनच पाळला.

कसोटीचे प्रसंगही आले. पहिल्याच पावसाळ्यात पापड वाळेनात आणि काम थांबवावे लागले. पुढील वर्षी त्यांनी खाट व स्टोव्ह विकत घेतला. खाटेवर पापड पसरून खाली स्टोव्ह पेटविला आणि ऐन पावसातही उत्पादन चालू ठेवले.

१९६२ मध्ये ‘लिज्जत’ हे नाव स्वीकारण्यात आले. १९६६ मध्ये संस्थेची नोंदणी होऊन खादी व ग्रामोद्योग आयोगाची मान्यताही मिळाली. केंद्रातून मळलेले पीठ न्यावे, घरी पापड लाटून परत आणावेत आणि लाटण्याचा मोबदला घ्यावा, या पद्धतीमुळे घर सांभाळून कमाई शक्य झाली. प्रत्येक सभासद भगिनी संस्थेची समान मालकीण ठरली. नफ्यात तिचा वाटा, तसा तोट्यातही. सातांची संख्या पुढे चाळीस हजारांच्या वर गेली. २०२१ मध्ये जसवंतीबेन यांना पद्मश्री जाहीर झाली.

साहाय्य दोन प्रकारचे असते. एक घेणाऱ्याचा हात कायम पसरलेला ठेवते, तर दुसरे त्याच हाती हिशेबाची वही देते. छगनबापांनी दुसरा मार्ग निवडला. धंद्याची सूत्रे भगिनींच्याच हाती ठेवून त्यांनी केवळ वाट दाखविली. समाजकार्याच्या इतिहासात ८० रुपयांचे मोल म्हणूनच मोठे आहे.