वाण्याची यादी

स्मरणिकेसाठी 'सोसायटीचा आर्थिक इतिहास' लिहा, असं सेक्रेटरींनी सुचवलं होतं. पण सिंकिंग फंड आणि थकबाकीचे आकडे दर वार्षिक अहवालात येतातच, ते पुन्हा कोण वाचणार? त्यापेक्षा आपल्या घरांत येणाऱ्या किराण्याचा इतिहास लिहावा असं मनात आलं. शेवटी तोही हिशेबच.

माझा जन्म १९५१ चा, गिरगावातल्या चाळीतला. मुंबईत रेशनिंग १९४३ मध्ये, महायुद्धाच्या काळात आलं. माझ्या लहानपणीही आईची यादी रेशनकार्डापासूनच सुरू व्हायची. तांदूळ आणले की दुपारी गॅलरीत सुपं निघत. खडे, किडे, साळीचे दाणे वेचून काढता काढता चार बिऱ्हाडांच्या गप्पा होत. गव्हाला ऊन द्यायचं, एरंडेल चोळायचं, मग पत्र्याच्या डब्यात भरायचं. दळणाचा डबा गिरणीत नेणं माझ्याकडे. "आमचा गहू ज्वारीवर टाकू नका," हे गिरणीवाल्याला दरवेळी बजावून यायचं. याला कोणी 'आरोग्यदायी आहार' म्हणत नव्हतं. ते घरकाम होतं, आणि बहुतेक सगळं बायकांच्याच अंगावर होतं.

तेव्हाचं सगळं शुद्ध होतं, असं मात्र कोणी समजू नये. ताडाच्या झाडाचं चित्र असलेला डालडाचा पिवळा डबा बाजारात आला १९३७ साली. आमच्याकडे दिवाळीचा चिवडा, शंकरपाळे त्यातच व्हायचे आणि रिकाम्या डब्यात पुढे तुळस लागायची. तेलात हायड्रोजन मिसळून ते थिजवायचं, म्हणजे वनस्पती तूप. हे तूप साजूक म्हणून खपवलं जाऊ नये यासाठी त्यात तिळाचं तेल घालणं कायद्यानेच बंधनकारक होतं. चाचणीत तिळाचं तेल सापडलं की लबाडी उघडी! आम्हा बँकवाल्यांना असा कायदा फार आवडतो. पण या थिजवण्यात तयार होणारे ट्रान्स फॅट हृदयाला घातक, हे कळायला अनेक वर्षं गेली. आपल्याकडे त्यांची मर्यादा २ टक्क्यांवर आली ती थेट जानेवारी २०२२ मध्ये.

धोक्याची सूचना कोणी दिलीच नव्हती असंही नाही. पॉलिशच्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्या आजारी पडतात, हे जावामध्ये एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आइकमान या डच डॉक्टरने पाहिलं होतं. १९२९ मध्ये त्याला नोबेल मिळालं. १९३४ च्या डिसेंबरात गांधीजींनी ग्रामोद्योग संघ स्थापन केला. त्याचं केंद्र आपल्याच वर्ध्यात, मगनवाडीला. हातसडीचा तांदूळ, गूळ, घाणीचं तेल यांचा तिथून प्रचार चाले. आमच्या चाळीत मात्र तांदूळ जितका पांढरा तितका पाहुण्यांपुढे मान, असा हिशेब होता. १९७२ च्या दुष्काळात मिलो नावाची तांबडी ज्वारी रेशनवर आली, तेव्हा तर ज्वारी म्हणजे गरिबी हे डोक्यात पक्कंच बसलं. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं आणि तीच ज्वारी, बाजरी मॉलमध्ये काचेच्या बरणीत जाऊन बसली.

आता आपल्या सोसायटीकडे येतो. २००० साली आपण डोंबिवलीत राहायला आलो, तेव्हा आमच्या घरात दोघंही नोकरीवाले. सौ. सकाळी ७.४० च्या लोकलला, मी तिच्यामागे अर्ध्या तासाने. २००४ च्या सुमारास तिने पाकिटातली कणीक आणायला सुरुवात केली. मी जेवताना टोमणा मारला, "पोळीला पिशवीचा वास येतो." ती शांतपणे म्हणाली, "मग दळण तुम्ही आणत जा." मी नऊ वर्षं आणलं नाही. हे इथे छापून येतंय म्हणून सांगतो असं नाही, पण घरात ते कधी मी नीट कबूल केलेलं नाही.

निवृत्त झालो आणि दोनच वर्षांत, २०१३ मध्ये, साखर निघाली. तोवर मी पथ्याची म्हणून तपकिरी रंगाची, कोंड्याची बिस्किटं खात होतो. सुनेने पाकीट उलटं करून दाखवलं. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात. पहिला मैदा, मग साखर, मग तेल, आणि कोंडा कुठेतरी खाली. लोकांच्या ताळेबंदांतल्या तळटीपा वाचण्यात माझी हयात गेली, आणि रोज हातात येणाऱ्या पाकिटाची मागची बाजू मी कधी पाहिली नव्हती.

त्याच वर्षी दळणाचा डबा मी उचलला. पुढच्या मे महिन्यात बी विंगमधल्या वहिनींनी सालाचं धान्य एकत्र घ्यायची कल्पना मांडली. कल्पना नवी नव्हती. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून कुटुंबांचे गट करून किराणा पुरवते आहे, वहिनींच्या माहेरी असा गट होता. आठ घरं जमली. लोकवन गहू, वाड्याचा कोलम, पॉलिश न केलेली तूरडाळ. डाळीवर चकाकी नाही म्हणून पहिल्या वर्षी दोघांनी ती परत केली! निवडायला मात्र पुरुषांनीही बसायचं, अशी वहिनींची अट होती. स्टिल्टच्या पार्किंगमध्ये सतरंजी टाकून आम्ही तिघे-चौघे निवृत्त लोक सुपं घेऊन बसलो, तेव्हा वरच्या बाल्कन्यांतून बरेच फोटो निघाले. पाखडणं ही कला आहे. माझ्या सुपातून खड्यांपेक्षा गहूच जास्त उडाले.

एके काळी आम्ही बावीस घरं होतो. लॉकडाऊनमध्ये हेच धान्य सगळ्या इमारतीला पुरलं, ते अनेकांना आठवत असेल. यंदा नऊच उरलो. कारणं खरी आहेत. कोणाचे गुडघे गेले, कोणाची मुलं परदेशी, दोन माणसांना पन्नास किलो गहू कशाला? तरुण घरांना दहा मिनिटांत सामान दारात मिळतं आणि दोघंही रात्री नऊला घरी येतात. त्यांना मी काय बोलणार? माझी ती नऊ वर्षं मला आठवतात.

यादी १५ एप्रिलपर्यंत नोटीस बोर्डावर असते. पाच किलोही चालतील, निवडून आम्ही देऊ, वेळ आमच्याकडे आहे. पार्किंगच्या कोपऱ्यातला वजनकाटा सोसायटीचा की गटाचा, हा प्रश्न गेल्या वार्षिक सभेत निघाला होता. इतिवृत्तात 'पुढील सभेत विचार व्हावा' अशी नोंद आहे.