सायकल काळीच का असायची?

इअरफोन घरी विसरलेल्यांसाठी हा एपिसोड नेहमीप्रमाणे लिहून देतोय. बाहेर पाऊस सुरू आहे, म्हणून आजचा विषय पाऊस आणि सायकल.

आधी एक काम करा. आजोबांच्या काळातली सायकल डोळ्यांसमोर आणा. काळीच आली ना? आता प्रश्न असा, की काळीच का? तेव्हा दुसरे रंग नव्हते, असं अजिबात नाही. उत्तर शोधायला आपल्याला १९व्या शतकातल्या इंग्लंडमध्ये जावं लागेल, वुल्व्हरहॅम्प्टन नावाच्या गावात.

या गावात पत्र्याचे ट्रे आणि डबे बनायचे, आणि त्यांवर काळा चकचकीत थर चढवला जायचा. जपान-चीनकडून युरोपात आलेल्या लाखकामाची ही नक्कल होती, म्हणून तिचं नावच पडलं 'जपानिंग'. डांबराच्या जातीचा अस्फाल्ट आणि तेल यांचं वॉर्निश लावायचं, भट्टीत भाजायचं, परत लावायचं, परत भाजायचं. शेवटी जो थर तयार व्हायचा तो कडक असायचा आणि पाणी आत जाऊ द्यायचा नाही. जॉन मार्स्टन हा माणूस याच धंद्यातला. १८८७ मध्ये तो सायकली बनवायला लागला आणि ब्रँडचं नाव ठेवलं 'सनबीम'. म्हणजे बघा, ट्रे टिकवणारं तंत्र थेट सायकलच्या सांगाड्यावर आलं. काळा रंग ही फक्त फॅशन नव्हती, तो सायकलचा रेनकोट होता.

थोडं रसायनशास्त्र. गंज चढायला तीन गोष्टी लागतात: लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन. यातली एक काढली की काम थांबतं. लोखंड काढलं तर सायकलच उरत नाही, हवा काढता येत नाही. राहिलं पाणी. त्यात मीठ असेल तर गंज आणखी पळतो. मुंबई, कोकण, गोव्याच्या मंडळींना हे सांगायला नको.

सांगाडा रंगवला, पण चेनचं काय? चेनच्या सांध्यांना रंग चालत नाही, तिथे तेलच लागतं. आणि तेल पावसात धुऊन जातं, धूळ बसली की त्याची पेस्ट होते. सनबीमने यावर जे केलं त्यासाठी ती प्रसिद्ध झाली: अख्खी चेन बंद डब्यात, आणि डब्यातच तेलाची सोय. पाऊस बाहेर, तेल आत.

टायरचीही अशीच गोष्ट आहे. सुरुवातीचे टायर फिकट रंगाचे असायचे. १९१०च्या दशकापासून रबरात कार्बन ब्लॅक, म्हणजे एक प्रकारची काजळी, मिसळायला लागले. मुख्य हेतू टायर मजबूत करण्याचा होता, पण ही काजळी उन्हातले अतिनील किरणही शोषते. म्हणून काळा टायर उन्हात उशिरा तडकतो.

आता हीच सायकल भारतात आली. स्वातंत्र्याच्या आधी रॅले, हर्क्युलिस, बीएसए हे ब्रँड बोटीने यायचे. नंतर इथेच कारखाने झाले: मद्रासला १९४९ मध्ये टीआय सायकल्स, सोनीपतला १९५१ मध्ये अ‍ॅटलस, लुधियानाला १९५६ मध्ये हीरो. डिझाइन मात्र तेच राहिलं. काळा रंग, लांब मडगार्ड, चेन कव्हर, रॉडचे ब्रेक. हे रॉड बघून आपण हसतो, पण ब्रेकच्या केबलच्या नळीत पाणी शिरलं की तार आतल्या आत गंजते. रॉड उघडा असतो. पुसला, तेलाचा थेंब टाकला, झालं. आमच्या भाषेत सांगायचं तर पाऊस हा या सायकलसाठी बग नव्हताच, तो धरूनच डिझाइन केलं होतं.

कारण ती सायकल कोणाची होती? गिरणीत, कारखान्यात, ऑफिसात जाणाऱ्याची. सायकल घरात घ्यायची तर आधी घरात जागा हवी. चाळीत ती जिन्याखाली नाहीतर गॅलरीत. कामावर, थिएटरला, स्टेशनला ती स्टँडवर. पत्र्याचं छप्पर, चार पैसे, एक बिल्ला सायकलला आणि एक तुमच्या हातात. त्यामुळे सायकल वाचवायची जबाबदारी तिघांत वाटलेली होती: बनवणारा, स्टँडवाला आणि तुम्ही. तुमच्या वाट्याला फक्त फडकं, तेलाची बाटली आणि वर्षातून एकदा ओव्हरहॉलिंग, जे कित्येक दुकानांच्या पाट्यांवर 'ओव्हरऑइलिंग' होऊन बसलं!

मग काय बिघडलं? गिअरवाली सायकल आली. मागच्या गिअरमध्ये चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर उडी मारते, त्यामुळे ती बंद डब्यात ठेवता येत नाही. मडगार्ड छोटे झाले किंवा गेलेच. वजन घटलं, वेग वाढला, चढ सोपे झाले. हा फायदा खराच आहे. पण सायकलने अंगावरचा रेनकोट काढून ठेवला. त्याच काळात स्टँड गेले आणि त्या जागी दुचाकींचं पे-अँड-पार्क आलं. पुण्याच्या जुन्या विकास नियंत्रण नियमावलीत पार्किंगच्या तक्त्यात कार, स्कूटर आणि सायकल असे वेगवेगळे रकाने होते. आज सोसायटीत छताखाली कार उभी असते, आणि सायकल भिंतीला टेकून पागोळ्यांखाली.

तिघांपैकी दोघे निघून गेले. उरलात तुम्ही, आणि ऑनलाइन मागवलेलं प्लास्टिकचं कव्हर. तेही जमिनीपर्यंत घट्ट बांधलंत तर आतली वाफ आतच राहते आणि रात्री थंड लोखंडावर पाणी होऊन बसते. खालून हवा खेळू द्या, ओली सायकल पुसल्याशिवाय झाकू नका, चेनला तेल घाला. सीटच्या दांड्यातून फ्रेममध्ये पाणी उतरतं, म्हणून सीटवर साधी पिशवी बांधा.

पण एवढ्यावर थांबू नका. नेदरलँड्समध्येही पाऊस पडतो आणि सायकली बाहेरच असतात. तिथे रोजच्या सायकलवर चेनचा बंद डबा आजही सर्रास दिसतो. आणि २०१९ मध्ये युट्रेक्ट स्टेशनखालचं सायकल पार्किंग पूर्ण झालं, तब्बल १२,५०० सायकलींचं, छताखाली. ते लोक जास्त शिस्तीचे आहेत म्हणून नाही. छप्पर ही सगळ्यांची सोय आहे असं त्यांनी ठरवलं म्हणून.

सायकल गंजली की आपण मालकाला आळशी म्हणतो. इतिहास बघितला तर तिच्यावरचं छप्पर आधी गेलंय, गंज नंतर आलाय. सोसायटीची पुढची मीटिंग कधी आहे? दोन कारच्या जागेत वीसेक सायकली सहज मावतात. तेवढा एक विषय अजेंड्यावर टाका, आणि काय झालं ते आम्हाला कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!