कांबळी पांघरलेले गवंडी

झाशीच्या रेल्वेस्थानकाच्या पश्चिमेस जी दाट वस्ती पसरली आहे तिला सीपरी बाजार म्हणतात, आणि भाजीची पिशवी सावरीत तेथून नित्य जा-ये करणाऱ्या माणसास ही सीपरी म्हणजे काय असे विचारले, तर तो बहुधा खांदे उडवून पुढे जाईल. सीपरी म्हणजे आजची शिवपुरी. १८ एप्रिल १८५९ रोजी ज्या गावी तात्या टोपे यांस फाशी देण्यात आले, त्या गावाने पुढे शिंदेशाहीत जुने नाव टाकून नवे धारण केले. परंतु त्याच्या वाटेवर वसलेल्या या बाजाराने मात्र ते जुने नाव, कोणाच्या ध्यानीमनी नसताना, अद्याप सांभाळले आहे.

रूळ ओलांडून शहराकडे वळले की खडकाळ टेकडीवरचा किल्ला दृष्टीस पडतो. ओरछाच्या बीरसिंह देवाने तो १६१३ च्या सुमारास बांधला. छत्रसालाने बाजीरावास दिलेल्या वाट्यातून हा मुलूख पेशव्यांकडे आला. आणि गोदाकाठच्या देवळातील ज्यांच्या घंटेची उपमा आपण अजूनही देतो, त्या नारो शंकरांनी येथे सुभेदारी करताना किल्ल्याचा विस्तार केला, तो भाग शंकरगड म्हणून ओळखला जातो. पुढे सुभा नेवाळकरांकडे गेला. या काळात दक्षिणेतून भिक्षुक, कारकून, शिलेदार यांची घराणी येथे येऊन स्थिरावली.

असा किल्ला पाहिला की मला युरोपातील मेळे आठवतात. तेथे जुन्या रोमन किल्ल्यांवर शनिवार-रविवारी एक कौतुकाचा प्रकार चालतो. एरवी कचेरीत किंवा शाळेत काम करणारे गृहस्थ लोखंडी पट्ट्यांचे चिलखत घालून, खिळ्यांच्या चपलांनी फरसबंदी वाजवीत, दोन हजार वर्षांपूर्वीची पलटण उभी करतात. इंग्लंडातील अर्मिन स्ट्रीट गार्ड ही अशी मंडळी १९७२ पासून आहे. प्रथमदर्शनी हा पोरखेळ वाटतो, आणि थोडासा तो असतोही. परंतु १९८५ साली मार्कुस युंकेलमान या जर्मन इतिहासकाराने काही सोबत्यांसह रोमन शिपायाचा सारा सरंजाम पाठीवर घेऊन व्हेरोनापासून आल्प्स ओलांडीत आउग्सबुर्ग गाठले, तेव्हा ओझे कोठे रुतते आणि चपलेचे खिळे किती टिकतात, याची जी उत्तरे ग्रंथांत नव्हती ती पायांनी दिली. अशा मेळ्यांत लढाईचा देखावा अर्ध्या घटकेत आटोपतो. उरलेला दिवस आठ शिपायांत एक चामड्याचा तंबू आणि एक हातजाते यांवर कसे भागत असे, हे दाखविण्यात जातो.

असे सोंग झाशीसही परके वाटू नये; नाट्याचे वावडे तिला कधीच नव्हते. राणी लक्ष्मीबाईंचे पती गंगाधरराव नेवाळकर नाटकाचे षोकी. त्यांनी नाटकशाळा बाळगली होती. ते अधूनमधून स्त्रीवेष धारण करीत, आणि याबद्दल गोऱ्या अंमलदाराने पृच्छा केली असता, सार्वभौम इंग्रजांपुढे साऱ्या संस्थानिकांनी बांगड्याच भरल्या आहेत, तेथे आमच्यासारख्या लहानाची काय कथा, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिल्याची गोष्ट विष्णुभट गोडसे यांनी आपल्या प्रवासवर्णनात नमूद केली आहे. एवढे बोचरे संभाषण आजवरच्या किती नाटककारांस सुचले असते, याची मला शंकाच आहे.

गंगाधरराव १८५३ त वारले, दत्तकविधान नामंजूर होऊन संस्थान खालसा झाले, आणि त्यानंतर झाशी हाच एक नाट्यविषय झाला. सोहराब मोदींनी १९५३ साली त्यावर रंगीत चित्रपट काढला. आता किल्ल्यावर ध्वनिप्रकाशाचा खेळ होतो. साऱ्यांची दृष्टी मात्र एकाच चित्रावर: पाठीशी मूल बांधलेली, हाती तलवार उगारलेली अश्वारूढ राणी. राणीने घोड्यासह तटावरून जेथून उडी घेतली असे म्हणतात, ती जागा कौतुकाने दाखविली जाते. परंतु राणी ४ एप्रिल १८५८ च्या रात्री भांडेरी दरवाजाने निघून गेली असे मानणे मला अधिक सयुक्तिक वाटते. घोड्याची शरीररचना ज्यास ठाऊक आहे, त्यास याहून अधिक सांगावयास नको.

वास्तविक १८५८ त ह्यू रोझच्या इंग्रजी सैन्याने झाशीस घातलेल्या वेढ्याची जी सामग्री मराठीत आहे तिचा हेवा रोमन मेळेवाल्यांनीही करावा. पारसनीसांनी १८९४ मध्ये राणीचे चरित्र प्रसिद्ध केले. वेढ्यात प्रत्यक्ष अडकलेल्या वरसईच्या गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये छापला, आणि मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये तो पुन्हा सिद्ध केला. वेढ्याच्या मराठी हकिगती वाचीत गेले, की तोफांच्या धुराआड एक निराळाच किल्ला दिसू लागतो. दिवसा गोळ्यांनी तटास खिंडार पडे. रात्री अकराच्या सुमारास कांबळी पांघरलेले गवंडी चढून येत आणि उजाडण्यापूर्वी तट पूर्ववत करून उतरून जात. एके दिवशी शंकरगडाच्या हौदावर पाण्यास गेलेल्या सहा-सात जणांपैकी चौघे गोळ्यांनी पडले, उरलेले भांडी टाकून पळाले, आणि किल्ल्यावरच्या गोलंदाजांनी समोरची तोफ गप्प करीपर्यंत, म्हणजे दुपारी दोनपर्यंत, स्नान व भोजन खोळंबले. वेढ्यातही स्नानाचा खोळंबा टिपून ठेवणारा त्या हकिगतीचा लेखक मला फार जवळचा वाटतो. दारूच्या कारखान्यावर गोळा पडला, तेव्हा तीस पुरुषांबरोबर आठ स्त्रियाही मेल्या. मोर्चांवर स्त्रिया दारूगोळा वाहत आहेत हे तर ह्यू रोझच्या सैन्यानेही पाहिले.

तेव्हा झाशीच्या किल्ल्यावर असा दोन दिवसांचा मेळा भरविण्याचे कोणाच्या मनात आले, तर त्यास माझी विनंती एवढीच, की घोडा आणि उडी दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळपर्यंत ठेवावी. सकाळी हौदावरून पाणी वाहण्याचा प्रवेश असावा, आणि पहिल्या रात्री अकरा वाजता, एकही दिवा न लावता, प्रेक्षकांच्याच अंगावर कांबळी घालून त्यांच्या हाती चुन्याची घमेली द्यावीत.