कापरापासून बनलेला कार्बन विषाणूला रोखू शकतो का?

एप्रिल २०२१. कोरोनाची दुसरी लाट जोरात होती आणि घराघरांत ऑक्सिजनसाठी धावपळ सुरू होती. त्याच दिवसांत व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरत होता. कापूर, लवंग, ओवा आणि निलगिरीच्या तेलाची पुरचुंडी हुंगा, शरीरातला ऑक्सिजन वाढेल, असं त्यात म्हटलं होतं. हा दावा खोटा होता.

पण कापूर आणि विषाणू यांना जोडणारा एक धागा विज्ञानात खरोखर आहे, आणि तो मुंबईतल्या पवईतून जातो. तो धागा म्हणजे कार्बन नॅनोमटेरियल, म्हणजेच कार्बनचे अतिसूक्ष्म पदार्थ. ते काय आहेत, विषाणूंना कसे अडवतात आणि मेडिकलच्या दुकानात अजून का मिळत नाहीत, हे समजून घेऊया.

कार्बन नॅनोमटेरियल म्हणजे काय?

कार्बन आपल्या रोजच्या ओळखीचा आहे. भंडारा जिल्ह्यातल्या वरठीचं उदाहरण घ्या. भंडारा रोड रेल्वे स्टेशन याच गावात आहे आणि सनफ्लॅगचा पोलाद कारखानाही इथेच आहे. लोहखनिजातून लोखंड मिळवायचं तर खनिजाला चिकटलेला ऑक्सिजन काढून घ्यावा लागतो. हे काम कोळशातला कार्बन करतो. पेन्सिलीचं शिसं, अंगठीतला हिरा आणि चुलीवरच्या पातेल्याची काजळी हीसुद्धा कार्बनचीच रूपं.

मूलद्रव्य तेच, पण अणूंची मांडणी बदलली की गुण बदलतात. आकार नॅनोमीटरच्या मापात आला की ते आणखी बदलतात. एका मिलिमीटरचे १० लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. कोरोना विषाणू साधारण १०० नॅनोमीटरचा असतो.

या कुटुंबात मुख्य चार सदस्य आहेत. फुलरीन हा ६० कार्बन अणूंचा फुटबॉलसारखा गोळा असतो. त्याचा शोध १९८५ मध्ये लागला आणि त्यासाठी १९९६ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. नॅनोट्यूब म्हणजे कार्बनची पोकळ नळी. ग्राफीन म्हणजे एका अणूइतक्या जाडीचा पत्रा, त्यावरच्या कामाला २०१० चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. चौथा सदस्य कार्बन डॉट, म्हणजे साधारण १० नॅनोमीटरहून लहान कण.

पवईत काय घडलं?

फुलरीन बनवण्यासाठी सुरुवातीला ग्रॅफाइट वापरलं जायचं. १९९४ मध्ये आयआयटी मुंबईतले प्रा. महेश्वर शेरॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कापरापासूनही फुलरीन बनवता येतात, हे दाखवलं. 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स' या नामांकित नियतकालिकात हे संशोधन छापून आलं. कापूर झाडापासून मिळतो, त्यामुळे नॅनो कार्बनसाठी वनस्पतिजन्य कच्चा माल वापरता येतो, ही त्यातली महत्त्वाची गोष्ट होती. पुढे कापरापासून नॅनोट्यूबही बनवल्या गेल्या.

मग कापूर हुंगला तर फुलरीन मिळतात का? अजिबात नाही. हुंगताना नाकात जाते ती कापराची वाफ. तिच्यापासून फुलरीन बनवायला प्रयोगशाळेतली प्रक्रिया लागते. उलट, कापूर पोटात गेला तर लहान मुलांना झटके येऊ शकतात.

कार्बन विषाणूला कसा अडवतो?

विषाणू स्वतःहून वाढू शकत नाही. त्याला आपल्या पेशीत शिरावं लागतं आणि तिथली यंत्रणा वापरून स्वतःच्या प्रती काढाव्या लागतात. कार्बनचे कण या प्रवासात वेगवेगळ्या ठिकाणी आडवे येतात.

पहिला मार्ग विषाणूचं हत्यार बोथट करण्याचा. एचआयव्हीला वाढण्यासाठी प्रोटिएज नावाचं एक विकर, म्हणजे एन्झाइम लागतं. त्यात एक खाच असते. फुलरीनचा गोळा त्या खाचेत चपखल बसू शकतो आणि विकराचं काम थांबवू शकतो, हे अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी १९९३ मध्येच दाखवलं होतं.

दुसरा मार्ग दारातच अडवण्याचा. २०१९ मध्ये, म्हणजे कोविडची साथ येण्याआधी, फ्रान्स आणि जर्मनीतल्या संशोधकांनी साध्या सर्दीला कारणीभूत ठरणाऱ्या २२९ई या कोरोना विषाणूवर कार्बन डॉटचा प्रयोग केला. पृष्ठभागावर बोरॉनिक ॲसिडचे गट असलेल्या डॉटनी विषाणूला पेशीत शिरण्यापासून रोखलं.

तिसरा मार्ग पेशीबाहेरच विषाणू निकामी करण्याचा. चीनमध्ये २०१५ मध्ये डुकरांना होणाऱ्या दोन विषाणूंवर ग्राफीन ऑक्साइड वापरून पाहिलं गेलं. त्याच्या धारदार कडा आणि ऋण विद्युतभार यांमुळे विषाणूची संसर्ग करण्याची क्षमता घटली. त्याच पत्र्यावर धनभारित पदार्थाचा थर दिला तेव्हा मात्र हा परिणाम दिसला नाही. म्हणजे फक्त 'ग्राफीन आहे' एवढं पुरेसं नसतं. त्याचा पृष्ठभाग कसा आहे, यावर सगळं ठरतं.

हळदीचा संबंधही इथे येतो. तैवानच्या संशोधकांनी हळदीतल्या कुरक्युमिनला उष्णता देऊन कार्बन डॉट बनवले. एन्टेरोव्हायरस ७१ विरुद्ध ते मूळ कुरक्युमिनपेक्षा कितीतरी प्रभावी ठरले आणि उंदरांच्या नवजात पिल्लांना त्यांनी संसर्गापासून वाचवलं. पण हळदीचं दूध प्यायल्याने असे डॉट शरीरात तयार होत नाहीत.

मग औषध का नाही?

विषाणूविरोधी औषध म्हणून एकही कार्बन नॅनोमटेरियल आज मंजूर नाही. वरचे बहुतेक प्रयोग प्रयोगशाळेतल्या पेशींवर झाले आहेत, फार तर उंदरांवर. काचेच्या बशीत विषाणू आणि औषध समोरासमोर असतात. शरीरात मात्र कण रक्तात शिरताच त्यांच्यावर प्रथिनांचं आवरण चढतं आणि त्यांचं वागणं बदलू शकतं. काही कण यकृत आणि प्लीहेत साचतात. शिवाय प्रत्येक खेपेला अगदी एकसारखे कण बनवणं अवघड असतं.

सुरक्षेचा प्रश्न सगळ्यात मोठा आहे. लांब, ताठ नॅनोट्यूब उंदरांच्या शरीरात ॲस्बेस्टॉससारखा परिणाम करतात, असं २००८ मध्ये दिसून आलं. २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने एका विशिष्ट प्रकारच्या नॅनोट्यूबला 'कर्करोगाला कारण ठरण्याची शक्यता' असलेल्या गटात टाकलं. सगळेच कार्बन कण असे नाहीत. पण म्हणूनच प्रत्येकाची वेगळी तपासणी लागते. नॅनो औषधं कशी तपासायची, याची मार्गदर्शक तत्त्वं भारताने २०१९ मध्ये जाहीर केली आहेत.

मास्कचं काय?

शरीराबाहेर हे पदार्थ वापरात येण्याची शक्यता जास्त आहे. हाँगकाँगमधल्या संशोधकांनी २०२० मध्ये ग्राफीनचा थर असलेला मास्क बनवला. त्यावर पाणी टिकत नाही आणि उन्हात त्याचा पृष्ठभाग ८० अंश सेल्सियसच्या आसपास तापतो. त्यामुळे तो उन्हातच निर्जंतुक होऊ शकतो.

इथेही प्रश्न सुटतोच असं नाही. थर सुटून कण श्वासात गेले तर काय? याच शंकेमुळे कॅनडाच्या आरोग्य विभागाने एप्रिल २०२१ मध्ये ग्राफीन असलेले मास्क वापरू नका, असा इशारा दिला होता. तपासणीनंतर जुलैमध्ये काही मास्कच्या विक्रीला परवानगी मिळाली, कारण त्यांतून धोकादायक प्रमाणात कण सुटत नसल्याचं आढळलं.

आणि लसीत ग्राफीन होतं का?

नाही. २०२१ मध्ये ही अफवा जगभर पसरली होती. कोव्हिशील्ड आणि कोव्हॅक्सिन या दोन्ही लशींतल्या घटकांची यादी जाहीर आहे. पुण्यातल्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेल्या कोव्हिशील्डमध्ये विषाणूच्या घटकासोबत हिस्टिडीन, साखर, मीठ, मॅग्नेशियम क्लोराईड, पॉलिसॉर्बेट ८०, थोडं इथेनॉल, ईडीटीए आणि पाणी असतं. ग्राफीन ऑक्साइड या दोन्ही याद्यांत नाही.

फॉरवर्ड करण्याआधी काय पाहाल?

'नॅनो कार्बनने ९९ टक्के विषाणू मारले' अशी पोस्ट समोर आली तर चार प्रश्न विचारा.

• प्रयोग कशावर झाला: पेशींवर, प्राण्यांवर की माणसांवर?
• कोणत्या विषाणूवर झाला? डुकराच्या विषाणूवरचा निकाल कोविडला आपोआप लागू होत नाही.
• वस्तू शरीराबाहेर वापरायची आहे की शरीरात जाणार आहे?
• मास्क किंवा फिल्टर असेल तर त्यातून कण सुटतात का, याची तपासणी झाली आहे का?

कार्बन विषाणूला अडवू शकतो, हे प्रयोगशाळेत ३० वर्षांपूर्वीच दिसलं. माणसाला इजा न करता तो हे काम करू शकतो, हे सिद्ध होणं अजून बाकी आहे. तोवर कापराची जागा देवघरातच, आणि श्वास घ्यायला त्रास होत असेल तर पुरचुंडी शोधत न बसता थेट दवाखाना गाठा.