मृत्युवार्ता आणि वंशावळ

कुलवृत्तान्त लिहिणारे नाशिक-त्र्यंबकच्या क्षेत्रोपाध्यायांच्या वह्या चाळतात. जुन्या वर्तमानपत्रांतील मृत्युवार्तांकडे क्वचितच कोणी वळतो. पुण्यांत 'ज्ञानप्रकाश' १८४९ सालीं व 'केसरी' १८८१ सालीं निघाला. १८९७ सालीं तेथें प्लेग पसरला. त्या सुमाराच्या एका वार्तेंत अमक्यांचें 'कुटुंब वारलें' असें वाचून आम्हीं अख्खें घर वंशावळींतून पुसून टाकलें! कुटुंब म्हणजे पत्नी, हें एका वृद्ध आजींनीं सांगितलें, तेव्हां आम्ही ओशाळलों. मुलें जगलीं होतीं. आजी त्यांच्याच वंशांतल्या. वारलेल्या बाईचें नांव मात्र वार्तेंत नाहीं, आणि आजींनाहि ठाऊक नाहीं. माहेर कोणतें, हें विचारावें तरी कोणास? पुसलेलें घर आम्हीं पुन्हा लिहिलें. पत्नीची जागा कोरी ठेवली.