पंच कोणाचा?

१९४३ ते १९४६ या काळात तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात (आजच्या सांगलीचा बराच भाग त्यातच होता) क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार चालायचं. इंग्रजांच्या कोर्टाला पर्याय म्हणून त्यांनी न्यायदान मंडळं काढली. गावातलं भांडण गावातच, पंचांसमोर मिटायचं. म्हणजे लवादच की!

मग आपल्या अपॉइंटमेंट लेटरमधलं लवादाचं कलम का खटकतं? कारण तिथे पंच गावातले, इथे अनेकदा कंपनीनेच नेमलेला. २०१२ मध्ये मुंबई हायकोर्टाने किंगफिशरच्या पगार थकलेल्या कर्मचाऱ्यांना सांगितलं, असं कलम असलं तरी लेबर कोर्टात जाता येतं. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने, ज्याचा निकालात स्वार्थ आहे त्याने एकट्याने पंच नेमू नये, असं ठरवलं.

कोर्टाबाहेरही न्याय मिळतो हो, पण पंच समोरच्याच्या खिशातला नको!